एकटा रेणू का मोडतो?

गुलाबजामांसाठी पाक करताना जाणती बाई त्यात लिंबाचे चार थेंब पिळते. पाकाची पुन्हा साखर होऊन तळाशी बसू नये, एवढाच तिचा हेतू असतो. लिंबातल्या आम्लामुळे साखरेचा काही भाग मोडतो, त्याचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते, आणि अशा मिश्रणात स्फटिक सहजासहजी जमत नाहीत. साखर मोडण्याची ही घरगुती क्रिया १८५० साली लुडविग विल्हेल्मी या जर्मन अभ्यासकाने प्रकाशाच्या साहाय्याने मोजली. साखरेचे द्रावण ध्रुवित प्रकाशाला उजवीकडे वळवते, मोडलेली साखर डावीकडे. ते वळण घड्याळ समोर ठेवून पाहताना विल्हेल्मी यांना दिसले की कोणत्याही क्षणी साखर मोडण्याचा वेग हा त्या क्षणी शिल्लक असलेल्या साखरेच्या प्रमाणात असतो. रासायनिक बदलाचा वेग गणिताच्या सूत्रात बसवण्याची सुरुवात इथून झाली असे मानतात.

पुढे १८८९ मध्ये स्वीडनच्या स्वान्ते आऱ्हेनियस यांनी याच साखरेवरून आणखी एक प्रश्न विचारला. द्रावण थोडेसे तापवले तर वेग दुपटी-चौपटीने वाढतो, पण तेवढ्या तापमानवाढीने रेणूंची सरासरी ऊर्जा तर जेमतेम दोन-तीन टक्क्यांनी वाढते. मग हा एवढा फरक कुठून आला? आऱ्हेनियस यांचे उत्तर असे होते की सगळे रेणू मोडायला तयार नसतातच. ज्यांच्याजवळ सरासरीपेक्षा पुष्कळ जास्त ऊर्जा साठली आहे, असे फार थोडे रेणू ‘सक्रिय’ असतात आणि तेवढेच मोडतात. तापमान किंचित वाढले की या मूठभर श्रीमंतांची संख्या झपाट्याने वाढते.

उत्तर पटण्याजोगे होते आणि आजही ते टिकून आहे. मात्र त्याच्या पोटात एक प्रश्न दडला होता, तो बाहेर यायला आणखी तीस वर्षे लागली. ही जास्तीची ऊर्जा त्या रेणूला देते कोण?

दोन रेणू एकमेकांवर आदळून नवे पदार्थ तयार होत असतील तर काही अडचण नाही. टकरीतूनच ऊर्जा मिळते आणि टकरीतच काम होते. अशा अभिक्रियेत वायूचा दाब दुप्पट केला की टकरी चौपट होतात आणि वेगही चौपट होतो. पण काही वायू असे सापडले की त्यांचा रेणू कोणाच्याही मदतीवाचून, एकटाच मोडतो असे दिसत होते. पात्रात वायू दाबून भरा की विरळ भरा, ठरावीक वेळात त्याचा ठरावीक हिस्साच मोडतो. याला एकरेणवीय अभिक्रिया म्हणतात. किरणोत्सर्गी मूलद्रव्याचा अर्धा साठा जसा ठरल्या काळात संपतो, हुबेहूब तसेच हे. फरक एवढाच की रेडियमला उष्णतेची फिकीर नसते, या रेणूंना असते. तापवले की ते भराभर मोडतात. म्हणजे ऊर्जा त्यांना बाहेरूनच हवी असते. मग ती देणारा, दाबाशी काही देणेघेणे नसलेला, असा कोण?

या प्रश्नाला सर्वांत धीट उत्तर दिले ते पॅरिसच्या ज्याँ पेरँ यांनी. पेरँ म्हणजे कोणी सामान्य माणूस नव्हे. पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांची थरथर सूक्ष्मदर्शकातून मोजून त्यांनी अणू-रेणू ही केवळ सोयीची कल्पना नसून ते खरोखरच असतात, हे शंकेखोरांच्या गळी उतरवले होते. १९१३ साली निघालेले त्यांचे ‘अणू’ या विषयावरचे पुस्तक सामान्य वाचकांतही गाजले, आणि १९२६ मध्ये त्यांना भौतिकीचे नोबेल मिळाले. अशा माणसाने १९१९ साली प्रकाश आणि द्रव्य यांच्यावर एक दीर्घ निबंध लिहिला आणि त्यात पुढील युक्तिवाद मांडला. समजा, असा वायू आपण मनातल्या मनात पसरवत गेलो. पात्र दुप्पट मोठे केले, हजारपट केले, कोटीपट केले. रेणू एकमेकांपासून इतके दूर गेले की टकरी जवळजवळ बंदच पडल्या. तरीही दर सेकंदाला मोडणाऱ्या रेणूंचा हिस्सा तोच राहत असेल, तर टकरी हे कारण असूच शकत नाही. विरळ होण्याने ज्यात फरक पडत नाही असे पात्रात एकच काही उरते, ते म्हणजे पात्राच्या भिंतींतून सतत बाहेर पडणारे उष्णतेचे प्रारण. प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार प्रकाश बाहेर टाकत असते; तो डोळ्यांना दिसत नाही एवढेच. पेरँ म्हणाले, रेणू मोडतो तो या प्रकाशाने. पुढे जाऊन त्यांनी असेही सुचवले की सगळेच रासायनिक बदल मुळात प्रकाशाचे काम आहे.

लिव्हरपूलचे विल्यम लुईस आणि जर्मनीचे माक्स ट्राउट्झ हेही स्वतंत्रपणे अशाच निष्कर्षाजवळ पोचले होते. काळच तसा होता. प्लँक आणि आइन्स्टाइन यांच्यामुळे प्रकाशाचे कण ही कल्पना नवी आणि मोहक होती. या गृहीतकाचे सौंदर्य असे की त्यातून आकडा निघत असे. अभिक्रियेला लागणारी ऊर्जा प्रयोगातून मोजा, तिला प्लँकच्या स्थिरांकाने भागा, की त्या रेणूला मोडणाऱ्या प्रकाशाची नेमकी लहर हाती येते. मग प्रयोगशाळेत जाऊन तपासून पाहा.

तपासले गेले, आणि तिथेच घोटाळा सुरू झाला. १९२१ मध्ये फॅरिंग्टन डॅनिअल्स आणि त्यांचा सहकारी जॉन्स्टन यांनी नायट्रोजन पेंटॉक्साइडवरचे आपले काम अमेरिकेत प्रसिद्ध केले. हा पदार्थ म्हणजे पांढरे स्फटिक, उन्हाळ्यातल्या आपल्या खोलीच्या तापमानाला आपोआप वायू होऊन उडणारे. वायू होताच तो मोडू लागतो आणि रंगहीन पात्रात तांबूस धूर दिसू लागतो. २५ अंश सेल्सिअसला त्याचा अर्धा साठा सुमारे पावणेसहा तासांत संपतो. वायू थोडा असो की फार, पावणेसहा तासच. एकरेणवीय अभिक्रियेचा इतका स्वच्छ नमुना तोवर कोणाला मिळाला नव्हता. पेरँ यांच्या सूत्राने या वायूला मोडणाऱ्या प्रकाशाची लहर निघत होती १.१६ मायक्रॉनची, म्हणजे लाल रंगाच्या जरा पलीकडची, अवरक्त. आणि नेमक्या त्या लहरीच्या प्रकाशाला हा वायू दादच देत नव्हता. तो प्रकाश त्याच्यातून आरपार निघून जाई.

दुसरा आक्षेप आयर्व्हिंग लँगम्यूर यांचा. विजेच्या दिव्यांच्या कारखान्याशी जोडलेल्या प्रयोगशाळेत काम करणारा हा माणूस तापलेल्या तारेतून किती प्रकाश निघतो याचा हिशेब तोंडपाठ असल्यासारखा करत असे. त्यांनी १९२० मध्ये फॉस्फीन या वायूचे उदाहरण घेऊन दाखवले की मोडण्यासाठी दर सेकंदाला जेवढी ऊर्जा लागते, तेवढी ऊर्जा त्या नेमक्या लहरीत भिंतींकडून येतच नाही. कमतरता थोडीथोडकी नव्हती. (हा फॉस्फीन पात्राच्या मोकळ्या जागेत नव्हे, तर भिंतीच्या पृष्ठभागावर मोडतो, असे पुढे निघाले. म्हणजे उदाहरण चुकीचे, आक्षेप मात्र बरोबर. हा प्रकार या कथेत पुन्हा येणार आहे.)

तिसरा आक्षेप ऑक्सफर्डच्या फ्रेडरिक लिंडेमन यांचा, आणि तो साखरेचाच आहे. साखर मोडायला लागणाऱ्या ऊर्जेचे लहरीत रूपांतर केले तर उत्तर येते एक मायक्रॉनच्या आसपास. खोलीच्या भिंतींतून या लहरीचा प्रकाश जवळजवळ शून्य निघतो. सूर्यप्रकाशात तो भरपूर असतो. गणित केले तर लाखो कोटी पटींचा फरक पडतो. मग साखरेचे द्रावण उन्हात ठेवताच एका क्षणात मोडून गेले पाहिजे. तसे होत नाही, हे कोणत्याही गृहिणीला विचारा. अशा आक्षेपाला उपकरण लागत नाही, आणि म्हणूनच तो जिव्हारी लागतो.

लिंडेमन हे विलक्षण गृहस्थ होते. जन्म जर्मनीतल्या बाडेन-बाडेनचा, शिक्षण बर्लिनमध्ये नेर्न्स्ट यांच्या हाताखाली, वृत्तीने पक्के इंग्रज उमराव. मद्याला न शिवणारे, शाकाहारी, तिरकस बोलणारे. पहिल्या महायुद्धात गिरकी घेत कोसळणारे विमान सावरता येते हे गणिताने सिद्ध करून ते थांबले नाहीत. स्वतः विमान चालवायला शिकले आणि मुद्दाम गिरकीत घालून सावरून दाखवले. पुढे ते चर्चिल यांचे वैज्ञानिक सल्लागार, लॉर्ड चेरवेल झाले. जर्मन शहरांतली कामगारांची घरे बॉम्बने पाडावीत म्हणून १९४२ मध्ये त्यांनी दिलेला सल्ला आज त्यांच्या विज्ञानापेक्षा जास्त आठवला जातो, आणि ते गैर नाही.

सप्टेंबर १९२१ मध्ये इंग्लंडच्या फॅरडे सोसायटीने याच विषयावर चर्चा घडवून आणली. पेरँ यांचा निबंध तिथे होता. त्यावर बोलताना लिंडेमन यांनी नुसते खोडून काढण्यापेक्षा मोजक्या परिच्छेदांत दुसरे उत्तर पुढे केले. ऊर्जा टकरीतूनच मिळते, हे त्यांनी सोडले नाही. त्यांनी फक्त एवढेच जोडले की ऊर्जा मिळाल्यावर रेणू लगेच मोडत नाही. मध्ये काही वेळ जातो. या वेळात दुसरा एखादा रेणू येऊन आदळतो आणि ती ऊर्जा बहुधा काढूनही घेतो. आता दाब दुप्पट झाला तर ऊर्जा देणाऱ्या टकरी वाढतात, तशा काढून घेणाऱ्याही तेवढ्याच पटीने वाढतात. जमा आणि खर्च दोन्ही दुप्पट, तेव्हा शिल्लक तीच. सक्रिय रेणूंचा हिस्सा दाबावर अवलंबून न राहता फक्त तापमानावर राहतो, आणि त्यातले थोडे रेणू सवडीने मोडत राहतात. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की रेणू एकटाच मोडतो आहे आणि टकरींशी त्याचा संबंध नाही.

डेन्मार्कचे क्रिस्टियानसेन यांनीही त्याच सुमारास हाच विचार मांडला होता आणि १९२३ मध्ये क्रेमर्स यांच्यासह तो पुढे नेला. पाठ्यपुस्तकांत नाव राहिले ते लिंडेमन यांचे. आपल्याकडे बी.एस्सी.ला रसायनशास्त्र घेतलेल्या प्रत्येकाने ही ‘लिंडेमन यंत्रणा’ तीन ओळींत लिहून गुण मिळवलेले असतात. त्या तीन ओळींत पेरँ यांचे नावही नसते, किंवा असलेच तर एका फसलेल्या कल्पनेचा धनी म्हणून. मला हे नेहमी खटकते. कारण पेरँ यांचा तर्क चुकला नव्हता. वायू कितीही विरळ केला तरी मोडणाऱ्यांचा हिस्सा तोच राहील, हे त्यांनी धरलेले गृहीत चुकीचे होते, आणि ते तपासण्याइतक्या कमी दाबावर तोवर कोणी पोचलेच नव्हते. लिंडेमन यांच्या उत्तराचा कस नेमका इथे लागणार होता. वायू पुरेसा विरळ केला तर ऊर्जा काढून घेणारी टक्कर यायच्या आतच रेणू मोडून जाईल, म्हणजे सगळे काही ऊर्जा देणाऱ्या टकरींवर येऊन ठेपेल, आणि मोडणाऱ्यांचा हिस्सा घसरू लागेल. घसरला तर लिंडेमन, नाही घसरला तर पेरँ.

पुढची सहा-सात वर्षे ही घसरण शोधण्यात गेली. सगळ्यांनी धाव घेतली ती त्या आदर्श नायट्रोजन पेंटॉक्साइडकडे, आणि त्याने सगळ्यांना चकवले. दाब कमी करत नेला तरी तो घसरेना. केंब्रिजमधून १९२५ साली तर कमी दाबावर वेग वाढतो असे कळवण्यात आले. इतरांना तसे काही दिसले नाही. बर्कलीचे गिल्बर्ट लुईस यांच्यासारखा मातब्बर रसायनशास्त्रज्ञ त्याच वर्षी प्रारणाच्या बाजूने लिहीत होता.

कोंडी फुटली ती ऑक्सफर्डच्या एका तळघरात. बेलियल आणि ट्रिनिटी या दोन कॉलेजांची मिळून असलेली ती प्रयोगशाळा अगदीच साधी होती, आणि तिथे सिरिल हिन्शेलवुड काम करत असत. पहिल्या महायुद्धात स्फोटकांच्या कारखान्यात नोकरी केलेला हा तरुण अनेक भाषांचा जाणकार होता. उतारवयात त्यांनी रॉयल सोसायटी आणि ग्रीक-लॅटिनच्या अभ्यासकांची क्लासिकल असोसिएशन या दोन्ही संस्थांचे अध्यक्षपद भूषवले. हिन्शेलवुड आणि त्यांचे विद्यार्थी प्रोपिऑनिक अल्डिहाइड, डायमिथिल ईथर अशा जरा मोठ्या रेणूंकडे वळले, आणि १९२६-२७ मध्ये घसरण दिसली. दाब एका मर्यादेखाली गेला की मोडणाऱ्यांचा हिस्सा खरोखरच कमी होत होता. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात हर्मन रॅम्सपर्जर यांना ॲझोमिथेनमध्ये तीच घसरण मिळाली.

घसरण मिळाली, पण हिशेब जुळेना. लिंडेमन यांच्या साध्या गणिताने जेवढ्या टकरी पुरेशा जोरदार ठरत, त्यांच्या हजारो पट जास्त रेणू प्रत्यक्षात सक्रिय होत होते. हिन्शेलवुड यांनी याचे कारण रेणूच्या आत शोधले. रेणू म्हणजे टणक गोटी नव्हे. त्यातले अणू जणू स्प्रिंगांनी जोडलेले असतात आणि सतत थरथरत असतात. रेणू जितका मोठा, तितक्या या थरथरी जास्त, आणि ऊर्जा साठवायच्या जागाही तितक्या जास्त. टकरीचा सगळा जोर एकाच ठिकाणी यायला हवा असे नाही. तो दहा ठिकाणी विभागून आला तरी चालतो.

मग ‘मध्ये काही वेळ जातो’ म्हणजे नेमके काय, हेही उलगडले. हे काम १९२७-२८ मध्ये तिघांनी केले. ऑस्कर राइस आणि रॅम्सपर्जर यांनी एकत्र, लुई कॅसल यांनी स्वतंत्रपणे. त्यांचे म्हणणे आपल्याकडच्या एकत्र कुटुंबावरून समजून घेता येते. घरात पैसा पुरेसा आहे, पण तो दहा जणांच्या खिशांत विखुरला आहे. जमीन घ्यायची तर तो एका हाती यायला हवा. पैसा घरातल्या घरात हातोहात फिरत असतो, आणि केव्हातरी योगायोगाने पुरेशी रक्कम एकाच खिशात जमते. रेणूतही ऊर्जा एका थरथरीतून दुसरीत फिरत राहते आणि ज्या बंधाला तुटायचे आहे त्याच्याकडे पुरेशी ऊर्जा गोळा झाली की तो तुटतो. घर मोठे असेल तर हा योग यायला वेळ लागतो. एकूण ऊर्जा गरजेपेक्षा बरीच जास्त असेल तर तो लवकर येतो. एवढ्या कल्पनेवर केवळ शक्यता मोजून घसरणीचा आलेख काढता येऊ लागला. रॅम्सपर्जर यांना पुढचे काम करायला आयुष्य मिळाले नाही. १९३२ मध्येच ते गेले.

प्रारणाच्या गृहीतकाचा शेवटही याच सुमारास झाला आणि तो गिल्बर्ट लुईस यांच्या घरातच झाला. त्यांचा विद्यार्थी जोसेफ मेयर याने १९२७ मध्ये पायनीनचा, म्हणजे टर्पेंटाइनमधल्या एका घटकाचा, झोत निर्वातातून तापलेल्या नळीमध्ये सोडला. झोतातले रेणू एकमेकांवर आदळत नाहीत. नळीच्या भिंतींचा प्रकाश तेवढा त्यांच्यावर पडतो. पायनीनही साखरेप्रमाणे ध्रुवित प्रकाश वळवते आणि रेणूची रचना बदलली की ते वळण कमी होते. नळीच्या दुसऱ्या टोकाला गोळा केलेल्या पायनीनचे वळण कमी झाले नव्हते. पुढच्याच वर्षी फ्रान्सिस राइस, हॅरल्ड युरी आणि त्यांच्या सहकाऱ्याने नायट्रोजन पेंटॉक्साइडचा झोत असाच सोडून पाहिला आणि तोही जसाच्या तसा बाहेर आला. (हे राइस ऑस्कर राइसहून वेगळे. या विषयात दोन राइस आहेत आणि विद्यार्थी त्यांची गल्लत करतात.) पेरँ हरले.

कथा इथे संपली असती तर ती सरळ झाली असती. पण याच फ्रान्सिस राइस यांनी १९३४ मध्ये हर्झफेल्ड यांच्याबरोबर दाखवले की अनेक सेंद्रिय वायू एकटे मोडतच नाहीत. एक रेणू तुटतो, त्याचे तुकडे शेजाऱ्याला तोडतात, ते पुढच्याला, अशी साखळी चालते. आणि एवढा गोंधळ चालू असूनही बाहेरून अभिक्रिया साधी, एकरेणवीय दिसू शकते. हिन्शेलवुड यांनी स्वतःच १९३६ मध्ये आपल्या जुन्या वायूंत थोडा नायट्रिक ऑक्साइड मिसळला. तो अशा तुकड्यांना पकडतो. वेग एकदम मंदावला. म्हणजे ज्या अल्डिहाइड आणि ईथरने लिंडेमन यांना विजय मिळवून दिला, ते पुरावा म्हणून चालणारे नव्हतेच. आणि नायट्रोजन पेंटॉक्साइड? त्याचे गुपित १९४७ मध्ये रिचर्ड ऑग यांनी उलगडले. तो आधी दोन तुकड्यांत फुटतो, ते बहुतेक वेळा पुन्हा जुळतात, आणि क्वचित वेगळ्या रीतीने भिडून ऑक्सिजन सोडतात. सगळ्या जगाने ज्याला शुद्ध नमुना मानले आणि ज्याच्यावर पंचवीस वर्षे वाद झाले, ती एकरेणवीय अभिक्रिया नव्हतीच. तो घसरत का नव्हता याचेही उत्तर त्यातच होते.

बरोबर सिद्धांत चुकीच्या उदाहरणांवर उभा राहिला होता. तो कोसळला नाही, कारण तोवर खरी उदाहरणे मिळू लागली होती. त्यातले सर्वांत देखणे म्हणजे सायक्लोप्रोपेन. एके काळी शस्त्रक्रियेच्या टेबलावर भूल द्यायला वापरला जाणारा हा वायू म्हणजे तीन कार्बन अणूंचा घट्ट त्रिकोण. कार्बनच्या बंधांना असा साठ अंशांचा कोन सोसत नाही. साधारण ५०० अंश सेल्सिअसला त्रिकोणाची एक बाजू उघडते, एक हायड्रोजन जागा बदलतो आणि प्रोपीन तयार होते. काही आत येत नाही, काही बाहेर जात नाही. तेच नऊ अणू नव्या रचनेत बसतात. हार्वर्डमध्ये चेंबर्स आणि किस्टियाकोव्हस्की यांनी १९३४ मध्ये हा बदल मोजला. १९५० च्या दशकात तो खूप कमी दाबापर्यंत पुन्हा तपासला गेला आणि लिंडेमन यांची घसरण त्यात स्वच्छ मिळाली. जॉर्ज किस्टियाकोव्हस्की यांचा जन्म कीव्हचा. पुढे लॉस अलामॉसला अणुबॉम्बसाठी स्फोटकांची रचना त्यांनी केली आणि नंतर ते आयझेनहॉवर यांचे वैज्ञानिक सल्लागार झाले. एका रेणूच्या मोडण्याचा अभ्यास करणाऱ्या दोघांना दोन राष्ट्रप्रमुखांच्या शेजारी बसावे लागले, हा त्या शतकाचा स्वभाव.

ऑस्कर राइस पुढे नॉर्थ कॅरोलायनातल्या चॅपेल हिलला गेले. तिथे त्यांच्याकडे कॅनडाहून रुडॉल्फ मार्कस नावाचा तरुण आला आणि १९५१-५२ मध्ये त्याने १९२८ चा हिशेब नव्या पुंजभौतिकीत बसवला. तुटण्याच्या उंबरठ्यावरचा रेणू कसा दिसतो, त्याच्या थरथरी कोणत्या, हे त्यात आले. राइस, रॅम्सपर्जर, कॅसल, मार्कस यांच्या नावांच्या आद्याक्षरांनी तो सिद्धांत ओळखला जातो. मार्कस यांना १९९२ मध्ये नोबेल मिळाले, मात्र ते वेगळ्याच कामासाठी.

एकत्र कुटुंबाच्या दृष्टान्तात एक गोष्ट मी न तपासता धरली आहे. घरातला पैसा खरोखर हातोहात फिरतो का? की ज्याच्या खिशात आला त्याच्याकडेच राहतो? नोएल स्लेटर यांचे गणित दुसऱ्या शक्यतेवर उभे होते आणि ते बाद करायला प्रयोग लागले. १९६० मध्ये किस्टियाकोव्हस्की आणि बटलर यांनी एकच रेणू दोन वेगळ्या वाटांनी तयार केला. त्यामुळे ऊर्जा प्रत्येक वेळी रेणूच्या वेगळ्या भागात भरली जाई. मोडला मात्र तो दोन्ही वेळा एकाच रीतीने. जन्म कसा झाला हे तो विसरला होता. विसरायला किती वेळ लागतो, हे सिॲटलच्या सेमोर रॅबिनोविच यांनी १९७० च्या सुमारास काढले. त्यांनी सायक्लोप्रोपेनची दोन कडी जोडलेला रेणू घेतला आणि ऊर्जा एकाच कड्यात भरली. साध्या दाबावर दोन्ही कडी सारखीच मोडत. दाब खूप वाढवला, म्हणजे टकरींनी घाई केली, तेव्हा ज्या कड्यात ऊर्जा भरली तेच जास्त मोडताना दिसले. यावरून विसरण्याचा काळ निघाला सेकंदाच्या लाख कोटीव्या भागाएवढा. लिंडेमन यांना हवा असलेला ‘काही वेळ’ याच्या पुढे कुठेतरी सुरू होतो. १९८७ मध्ये कॅलिफोर्नियात अहमद झेवैल यांनी लेसरच्या झपक्यांनी आयोडिन सायनाइडचा बंध तुटताना प्रत्यक्ष पाहिला, तो त्याहूनही कमी वेळात.

आता पेरँ यांच्याकडे परत जायला हवे. त्यांच्या मनातल्या प्रयोगात पात्र कोटीपट मोठे होत जाते आणि रेणू एकटा पडतो. १९२० च्या दशकात कोणी तिथवर पोचू शकत नव्हते. १९९० च्या दशकात पोचता आले. चुंबकाच्या क्षेत्रात विद्युतभारित रेणू अधांतरी अडकवून ठेवणारी उपकरणे आली होती. आतला दाब वातावरणाच्या लाख कोटीव्या हिश्शाच्या आसपास नेता येई, आणि तिथे रेणूला टक्कर बसायची तर अर्धा मिनिट वाट पाहावी लागे. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात टेरी मॅकमाहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये अशा उपकरणात पाण्याचे रेणू चिकटलेले आयन ठेवले आणि दाब कमी करत नेला. वेग लिंडेमन यांनी सांगितल्याप्रमाणे घसरत गेला. मग एका दाबाखाली घसरायचा थांबला. दाब आणखी कमी केला तरी मोडणाऱ्यांचा हिस्सा तोच राहिला. टकरी नव्हत्याच, तरी पाण्याचा एकेक रेणू सुटून जात होता. आतमध्ये होता फक्त भिंतींचा प्रकाश, खोलीच्या तापमानाचा.

क्लीव्हलँडचे रॉबर्ट डनबर यांनी याचे गणित आधीच मांडायला सुरुवात केली होती. १९९८ मध्ये या दोघांनी मिळून लिहिलेल्या आढाव्यात पेरँ यांच्या गृहीतकाची नावानिशी आठवण आहे. अर्थात पेरँ जसे म्हणाले तसे हे नव्हे. त्यांच्या मते एकच जोरदार प्रकाशकण येऊन रेणू मोडत होता. इथे अवरक्त प्रकाशाचे लहान लहान कण एकामागून एक शोषले जातात, काही परत बाहेर टाकले जातात, आणि रेणू पायरी-पायरीने वर चढत तुटण्यापर्यंत पोचतो. साध्या वायूत हे दिसणे शक्यच नाही. भिंतीकडून सेकंदाला फार तर काही प्रकाशकण मिळतात आणि तेवढ्यात शेजाऱ्यांच्या टकरी बसतात अब्जावधी. मेयर यांच्या झोतातही ते दिसणार नव्हते. तिथले रेणू तापलेल्या नळीतून सेकंदाच्या हजारांश भागात पार होत. एवढ्यात एखादा कण शोषला गेला तर गेला.

पेरँ यांना यातले काही पाहायला मिळाले नाही. समाजवादी विचारांचा हा माणूस १९३६ मध्ये ब्लूम यांच्या मंत्रिमंडळात संशोधनखाते सांभाळत होता. फ्रान्स पडल्यावर ते न्यूयॉर्कला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. १९४८ मध्ये त्यांच्या अस्थी पॅरिसच्या पाँतेआँमध्ये नेऊन ठेवण्यात आल्या. बर्कलीला इव्हान विल्यम्स यांच्या प्रयोगशाळेत पुढे पेप्टाइड आणि प्रथिनांचे आयन याच रीतीने मोडून त्यांच्या बंधांची ताकद मोजली गेली. लेसर नाही, टकरी नाहीत. निर्वात पात्राची भिंत थोडी तापवायची, आयन आत अडकवायचे आणि काही मिनिटे वाट पाहायची.